जिवाणू बनवतात काय आणि त्याचं आपल्याला काय? फार्मसीच्या काऊंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीच्या बाजारात आमची फार्मसी आहे. आधी बाबा बसायचे, गेली बावीस वर्षं मी बसते. लोक चिठ्ठीबरोबर एखादा प्रश्नही काऊंटरवर ठेवतात, आणि बुधवारच्या बाजाराला मागे रांग असली की त्याचं धड उत्तर देता येत नाही. 'प्रोबायोटिक', 'पोस्टबायोटिक', 'गट हेल्थ' (म्हणजे आतड्याचं आरोग्य) हे शब्द मोबाईलवरून घरोघर पोचले तेव्हापासून तर प्रश्न दुप्पट झालेत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतलेत. तुमच्या स्वतःच्या गोळ्यांबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मला तुमचे रिपोर्ट दिसत नाहीत.

मेटाबोलाइट म्हणजे नक्की काय? सोपं करून सांगा.

रात्री दुधात विरजण घालता तेव्हा तुम्ही जिवाणू घालता. पण सकाळी दूध घट्ट आणि आंबट झालेलं असतं ते जिवाणूंनी बनवलेल्या लॅक्टिक आम्लामुळे. जिवाणू साखर खातो, ती मोडतो, त्यातून स्वतःसाठी शक्ती काढतो आणि उरलेलं बाहेर टाकतो. खाणं, मोडणं, जोडणं या सगळ्या उलाढालीत जे जे छोटे पदार्थ तयार होतात ते मेटाबोलाइट. मराठीत चयापचयजन्य पदार्थ म्हणतात, पण काऊंटरवर हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस घड्याळ बघतो.

काही पदार्थ जिवाणूला जगायलाच लागतात: आम्लं, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं. काही जगण्यापुरते लागत नाहीत, शेजाऱ्याशी भांडायला किंवा निरोप द्यायला उपयोगी पडतात: प्रतिजैविकं, रंग, वास. जिवाणूंकडून मिळालेली आपली बहुतेक औषधं या दुसऱ्या गटातली.

पुढचं सगळं वाचताना तीन गोष्टी विचारत राहा. पदार्थ कुठला? किती? आणि शरीरात तो कुठे पोचतो? 'चांगले जंतू, वाईट जंतू' या भाषेत यातलं एकही उत्तर मिळत नाही.

पहिल्या पावसाला मातीचा वास येतो तोही जंतूंचा, हे खरं का?

खरं. त्या पदार्थाचं नाव जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तो बनवतात, आणि आपलं नाक पाण्यातला त्याचा अंश एक लाख कोटींत पाच-दहा भाग इतका कमी असला तरी पकडतं. औषध म्हणून त्याचा काही उपयोग नाही. पण तो वास बनवणारी मंडळी लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात तीच आहेत.

मातीतल्या जंतूंपासून औषध? ते कसं काय?

एका चिमटी मातीत कोट्यवधी जिवाणू दाटीवाटीने राहतात. खायला थोडं, खाणारे फार. स्ट्रेप्टोमायसिस आणि त्यांचे भाऊबंद अशा वेळी शेजाऱ्याची वाढ रोखणारे पदार्थ सोडतात. माणसाने ते पदार्थ हेरले, शुद्ध केले, मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून भरपूर बनवले आणि बाटलीत भरले.

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाविरुद्ध खरोखर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं, शॅट्झना नाही, आणि त्यावरून झालेली कडवट भांडणं आजही वाचायला मिळतात. त्यानंतर कंपन्यांनी जगभरची माती गोळा करायचा सपाटाच लावला. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्सच्या मातीतून आलं, व्हँकोमायसिन बोर्निओच्या. कर्करोगावरचं लालभडक डॉक्सोरुबिसिन इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिसचं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्याच्या एकेका व्हायलसाठी लोक वणवण फिरले ते अँफोटेरिसिन-बी व्हेनेझुएलाच्या मातीतलं.

मला सगळ्यात आवडते ती रॅपामायसिनची गोष्ट. पॅसिफिक महासागरात, कुठल्याही वस्तीपासून हजारो किलोमीटर लांब ईस्टर बेट आहे, तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ साली निघालेल्या कॅनडाच्या मोहिमेने तिथली माती आणली. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने तीतून एक पदार्थ वेगळा काढला. पुढे प्रयोगशाळा बंद झाली, प्रकल्प गुंडाळला गेला. सेहगलनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या आणि काही वर्षांनी नव्या वरिष्ठांचं मन वळवून काम पुन्हा सुरू केलं. १९९९ मध्ये अमेरिकेत ते औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं. बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं. आमच्याकडेही त्याच्या चिठ्ठ्या येतात, सिरोलिमस या नावाने.

पेनिसिलिनही जिवाणूंचंच ना?

नाही, ते बुरशीचं. आणि आपल्या जवळचं एक नाव सांगते: हॅमायसिन. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. बुरशीवर चालणारं औषध, बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एका जिवाणूच्या नावात पिंपरी कायमची जाऊन बसली आहे.

टीबीच्या गोळ्या सुरू केल्यापासून लघवी लाल होते. रक्त जातंय का?

हा प्रश्न लोक कधी मोठ्याने विचारत नाहीत. काऊंटरवरून वाकून, आजूबाजूला बघून विचारतात. रक्त नाही. रिफँपिसिन हे औषधच विटकरी लाल आहे आणि ते लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी यांतून बाहेर पडतं. कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगू शकतात, तेवढ्या काढून ठेवा. १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मातीतल्या जिवाणूंकडून मिळालेल्या पदार्थात थोडा रासायनिक फेरफार करून हे औषध बनलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम यामुळे कमी होतो, हे मात्र लेन्सपेक्षा फार महत्त्वाचं आहे आणि नवऱ्यासमोर सांगायची वेळ आली तरी मी सांगते. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली, भूक मेली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे.

ताप आहे. दोन दिवसांचं अँटिबायोटिक द्या ना, चिठ्ठी कशाला?

नाही देणार. पाकिटावरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक सरकारी यादीतल्या औषधांची वेगळी वही मला ठेवावी लागते: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ती तीन वर्षं जपायची. पण कायदा बाजूला ठेवा. ही औषधं जिवाणूंनी जिवाणूंविरुद्ध बनवलेली आहेत. डेंग्यू, फ्लू, सत्तरी तालुक्यातला माकडताप हे सगळे विषाणूंचे आजार. तिथे या गोळ्यांना मारायला कोणी नाहीच, मग त्या तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंना मारतात.

याच्या उलटही घडतं. पावसात शेतात राबणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले की डॉक्टर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराचा, विचार करून डॉक्सिसायक्लिन लिहितात. तेही मूळ स्ट्रेप्टोमायसिसकडून आलेल्या औषधांच्या घराण्यातलं. तिथे 'बरं वाटलं म्हणून सोडलं' चालत नाही. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते. लोहाची, कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी सोबत घेऊ नका, निदान दोन तास मधे जाऊ द्या. आणि उन्हात अंग झाकून जा, कातडी लवकर भाजते.

आयव्हरमेक्टिनचं काय झालं शेवटी? कोविडमध्ये आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं.

हो, आणि माझं कपाटही दोन दिवसांत रिकामं झालं होतं. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमधलं. एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतला स्ट्रेप्टोमायसिस सातोशी ओमुरांनी वेगळा केला. त्यापासून बनलेल्या औषधाने आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाला आळा घातला, हत्तीरोगावर काम केलं, आणि २०१५ मध्ये ओमुरा आणि विल्यम कँपबेल यांना नोबेल मिळालं. खरुज आणि जंतांवर आजही मी ते देते.

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस बारा मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं. कोविडसाठी चाचण्यांबाहेर ते वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं होतं. पुढे मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांत कोविडवर फायदा दिसला नाही. कृमींच्या मज्जातंतूंवर चालणारं औषध आहे ते. 'कुठे पोचतो' हा प्रश्न तेव्हा आपण कोणीच विचारला नाही. मीही नाही, आईला मीच दिलं होतं.

साखरेची कुठली गोळी जिवाणूंपासून येते?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. त्यामुळे हा प्रश्न दिवसाआड येतो. उत्तर: अकार्बोज. अ‍ॅक्टिनोप्लेनिस नावाचे जिवाणू ते बनवतात. पिष्ट तोडणाऱ्या विकरांना ते अडवतं, म्हणून भाताची साखर रक्तात हळूहळू उतरते. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबरच घ्यायची गोळी, नंतर आठवली तर उपयोग नाही. पचलं नाही ते पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, आणि पोट वाजतं. एक मास्तर म्हणाले होते, 'गोळी चांगली, पण बसमधून जाता येत नाही.' कमी डोसने सुरू केलं की बहुतेकांना सवय होते.

बी-१२ कमी आलंय. आम्ही तर मासे खातो! आणि पोटातले जंतू बी-१२ बनवतात ना?

जगातलं सगळं नैसर्गिक बी-१२ जिवाणू आणि त्यांच्यासारखेच सूक्ष्म असलेले आर्किया बनवतात. झाडं बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत. गाईच्या पोटातले जिवाणू बनवतात म्हणून ते दुधात उतरतं, समुद्रातले बनवतात म्हणून माशांत. मी विकते ती गोळीही कारखान्याच्या टाकीत वाढवलेल्या जिवाणूंचीच.

आपल्या मोठ्या आतड्यातले काही जिवाणूही ते बनवतात. पण बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि मोठं आतडं त्याच्या पुढे आहे. गाडी थांब्यावरून निघून गेल्यावर प्रवासी आले, असा प्रकार. ते शौचावाटे वाया जातं.

दिवसाला लागतं किती? सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम. ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीच. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) एका ताटलीत याच्या कितीतरी पट असतं, शिंपल्यातल्या प्राण्यांइतकं बी-१२ फार थोड्या खाण्यांत सापडतं. दुधात कमी, साधारण अर्धा लिटर प्यायलात तर दिवसाची गरज जवळपास भागेल. यकृतात साठा काही वर्षांचा असतो, तेव्हा श्रावण पाळल्याने बी-१२ घसरलं ही सबब चालणार नाही, बाय.

मग मासे खाणाऱ्याचं का कमी? बहुतेकदा चिठ्ठीतच उत्तर असतं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण कमी होतं. ॲसिडिटीची गोळी रोज रिकाम्या पोटी घेणारे तर घरोघरी आहेत. अन्नातून बी-१२ सुटायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही गोळी तेच कमी करते. वय वाढलं की आम्ल आपोआपही घटतं. पाय बधिर होणं, मुंग्या येणं, तोल जाणं याला 'साखरेचं आहे' म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्यांवर विसंबू नका. तिच्यातलं बी-१२ बरंचसं नकली, शरीराला न चालणाऱ्या घडणीचं असतं.

बाळ जन्मल्याबरोबर इंजेक्शन का देतात?

ते व्हिटॅमिन-के. मोठ्या माणसाला ते पालेभाजीतून मिळतं आणि थोडं आतड्यातले जिवाणू बनवतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वसाहत बसायची असते, आईच्या दुधातही ते कमी असतं. रक्त गोठायला ते लागतं, नाहीतर क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाही म्हणू नका.

रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनो, तुम्हाला कोणी अँटिबायोटिक लिहिलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आणि त्याचं एक कारण हेच जिवाणू कमी होणं.

शिळ्या भाताची पेज आतड्याला चांगली, असं आलंय मोबाईलवर. खरं का?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं.

आपण जे पचवू शकत नाही ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण: कुळीथ, अळसांदे (चवळी), नाचणी, कच्ची केळी, भाजीच्या शिरा. ते खाऊन जिवाणू तीन छोटी आम्लं बनवतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं रोजचं अन्न. त्यांची जवळपास ७० टक्के ऊर्जा त्यातून येते. म्हणजे हे अस्तर बरंचसं रक्तातून नव्हे, आतल्या बाजूने, जिवाणूंच्या हातून जेवतं. अस्तर धष्टपुष्ट राहिलं की नको ते आतून रक्तात झिरपत नाही.

भात शिजवून थंड केला की पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट विणला जातो आणि पचत नाही. म्हणजे जिवाणूंच्या वाट्याला येतो. एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम असं पिष्ट मिळालं, आणि एक दिवस फ्रीजमध्ये ठेवून परत गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. अडीच पट ऐकायला मोठं वाटतं, पण मुळात रक्कम केवढी? वाटीभर कुळथाची पिठी किंवा अळसांद्यांचं तोंडाक (उसळ) यापेक्षा जास्त देऊन जाईल. आजी अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि खारातलं तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) घेऊन बसायची, ती शेतातून दमून आल्यावर. तिच्या तब्येतीचं श्रेय सगळं पेजेला देऊ नका, तिने दिवसभर केलेल्या कामालाही थोडं द्या.

आता धोका. भाताच्या दाण्यावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, शिजवूनही मरत नाहीत. भात आपल्याकडच्या दमट उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते जागे होतात आणि सेरुलाइड नावाचं विष बनवतात. तोही मेटाबोलाइटच. भात परत उकळा, फोडणीला टाका, पेज करा, सेरुलाइड जात नाही. एक ते पाच तासांत उलट्या. तेव्हा उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि तासा-दीड तासात फ्रीजमध्ये टाका. पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत काही अंशी राखण करायची, कारण पाणी आंबलं की लॅक्टिक आम्लात या जिवाणूचं फारसं चालत नाही. पण पाणी वेळेत आंबलंच याची हमी मी देणार नाही.

बांगडा खाल्ला आणि अंग लाल झालं. बांगड्याची ॲलर्जी झाली का?

झाली असेल, नसेलही. आमच्याच घरातली गोष्ट. आतेभावाकडे दुपारी दारावर आलेल्या गाडीवरून बांगडे घेतले. बर्फ नावापुरता. हुमण (माशाची आमटी) झालं, तेफळं घालून, झकास. जेवून अर्धा तास होतो न होतो तोच भावाचा चेहरा नि मान लालबुंद, वहिनीचं डोकं ठणकायला लागलं, मला छातीत धडधड, आत्याच्या अंगाला खाज. धाकट्याने फक्त डाळभात खाल्ला होता, तो आमच्याकडे बघून हसत होता.

चौघांना एकाच वेळी एकाच माशाची ॲलर्जी सुरू होत नाही. हे हिस्टामाइन होतं. बांगडा, ट्यूना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उबेला राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जो पदार्थ सोडतं तोच इथे ताटातून आला. शिजवून, तळून, फ्रीजरमध्ये ठेवून तो नष्ट होत नाही, कारण जिवाणू मेले तरी त्यांनी बनवलेलं तिथेच असतं. सुक्या बांगड्यातही सापडू शकतं. मासा दिसायला बरा असतो, कधी जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवते. तशी जाणवली तर घास खाली ठेवा.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने बहुधा काही तासांत उतार पडतो. श्वास लागला, ओठ-जीभ सुजले, चक्कर आली तर गोळीची वाट न बघता १०८ ला फोन. आणि पुढच्या वेळी मासळीवालीकडे डोळे, कल्ले बघताना बर्फही बघा. घरी आल्यावर पिशवी पाटावर ठेवून गप्पा मारत बसू नका.

माशाच्या वासाला आमसुलं का लावतात?

समुद्री माशाच्या अंगात टीएमएओ नावाचा पदार्थ असतो, खाऱ्या पाण्यात टिकून राहायला लागतो तो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि तोच तो ओळखीचा वास. हे अमाइन अल्क आहे. सोलांचं किंवा चिंचेचं आंबट पडलं की त्याचं क्षार होतं, क्षार हवेत उडत नाही, नाकापर्यंत पोचत नाही. आगळ (कोकमाचा रस) लावून ठेवायची रीत रसायनशास्त्राला धरून आहे. पण वास लपला म्हणजे मासा ताजा झाला असं नव्हे, हेही ओघानेच आलं.

याच गोष्टीचा उलटा प्रवास आपल्या पोटात होतो. लाल मांस, अंड्याचा बलक यांतून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइल अमाइन काढतात, यकृत त्याचं परत टीएमएओ करतं. २०११ पासूनच्या अमेरिकेतल्या अभ्यासांत रक्तातलं हे प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्याला मांस खायला दिलं तर त्याच्यात ते फारसं बनलं नाही, तसे जिवाणूच पोटात नव्हते. मासे खाल्ल्यावरही ते वाढतं, तरी मासे खाणाऱ्यांचं हृदय बिघडलेलं दिसत नाही. मासे सोडू का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं उत्तर: नाही. आधी सिगरेट सोडा.

दही खावं की प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल घ्याव्यात? आणि हे पोस्टबायोटिक काय नवीन?

रोजचं म्हणत असाल तर दही. स्वस्त, चवीचं, आणि दूध न पचणाऱ्यांनाही बऱ्याचदा चालतं कारण दुधातली साखर जिवाणूंनी आधीच थोडी खाल्लेली असते. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही ठराविक जातींच्या कॅप्सूलचा उपयोग दिसलेला आहे. जात महत्त्वाची, डब्यावरचा 'पन्नास अब्ज' जंतूंचा आकडा नव्हे. जिवाणूंची कॅप्सूल अँटिबायोटिकपासून दोनेक तास लांब घ्या. सॅकरोमायसिस बुलार्डी असेल तर ते यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको.

पोस्टबायोटिक म्हणजे मेलेले जिवाणू किंवा त्यांचे तुकडे, सोबत त्यांनी बनवलेले पदार्थ असतील किंवा नसतील, आणि त्यातून फायदा सिद्ध झालेला हवा. ही व्याख्या २०२१ ची. शेवटची अट डब्यावर बारीक अक्षरातही छापलेली नसते.

पोटातले जंतू आनंदाचं रसायन बनवतात, म्हणून डिप्रेशनची गोळी सोडली तर?

कृपा करून सोडू नका. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं. ते आतड्याच्या पेशी बनवतात, जिवाणूंचे पदार्थ त्यांना चिथावतात. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. पुन्हा तोच प्रश्न: पोचतं कुठे?

शेजारणीला सोनामुखीने पोट साफ होतं, मला नाही. असं का?

सोनामुखी स्वतः काही करत नाही. तिच्यातला पदार्थ मोठ्या आतड्यात जाईपर्यंत झोपलेला असतो, तिथले जिवाणू तो मोडतात तेव्हा कुठे काम सुरू होतं. म्हणून रात्री घेतली की सकाळी परिणाम. तुमचे जिवाणू वेगळे, किंवा नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालेला, तर फरक पडतोच. आतड्याच्या सुजेवरचं सल्फासालाझिनही असंच, त्याची गाठ जिवाणू सोडतात. हृदयाच्या डिगॉक्सिनचं याच्या उलट: एगर्थेला लेंटा नावाचा जिवाणू काहींच्या पोटात ते निकामी करतो. तसा रुग्ण एरिथ्रोमायसिनच्या कुळातलं अँटिबायोटिक घ्यायला लागला की डिगॉक्सिन अचानक वाढू शकतं. एकाची गोळी दुसऱ्याने का घेऊ नये याचं इतकं चांगलं कारण मला कॉलेजात कोणी दिलं नव्हतं.

माडाच्या विनागराने (व्हिनेगरने) वजन उतरतं का?

फारसं नाही. सुरेतली (माडाच्या ताडीतली) साखर यीस्ट आणि झायमोमोनास नावाचा जिवाणू दारू करतात, मग ॲसिटोबॅक्टर दारूचं ॲसेटिक आम्ल करतात. जेवणासोबत थोडं घेतलं तर जेवणानंतरची साखर किंचित कमी चढते, एवढं दिसलेलं आहे. तसंच पिऊ नका, दातांचं वरचं कवच जातं. सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या कालवणात) घाला, तिथे त्याची जागा पक्की आहे.

आपल्या समुद्रात, मिठागरांत औषधं मिळतील?

शोध चालू आहे. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गोवा विद्यापीठातही समुद्री आणि मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम होतं. एप्रिलमध्ये मिठागरातलं पाणी आटत आलं की गुलाबी दिसतं ते मुख्यतः आर्कियांच्या रंगामुळे. ते जिवाणूंसारखे दिसतात पण कूळ वेगळं. समुद्रतळाच्या गाळातले जिवाणू औषध देऊ शकतात हे बहामाजवळच्या सॅलिनिस्पोराने दाखवलं. त्याच्या पदार्थावर बरीच आशा होती, पण मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत तो रुग्णांचं आयुष्य वाढवू शकला नाही. प्रयोगशाळेच्या बशीत कर्करोगाची पेशी मारणं सोपं असतं. पेपरात 'गोव्याच्या किनाऱ्यावर कर्करोगावर औषध' असं वाचलंत तर बशीत की माणसात, एवढं बघा.

सान्नांसाठी (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) सूर मिळत नाही हल्ली. यीस्ट चालेल का?

औषधाच्या दुकानात हा प्रश्न दर चवथीला आणि नाताळला येतो. रेंदेर (माडावरून सूर काढणारे) कमी झाले, काय करणार. यीस्टने पीठ फुगेल, कारण फुगवायला लागतो तो वायू यीस्ट देतंच. सुरेत मात्र यीस्टबरोबर लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणूही असतात, ते आंबूस गोडी आणतात. तुम्हाला ती हवी असेल तर पीठ रात्री नुसतं आंबू द्या आणि सकाळी यीस्ट, थोडी साखर, नारळाचं पाणी घाला. आम्ही दोन वर्षं असंच करतोय. फुगतात छान. आईने पहिल्याच दिवशी एक तोडून वास घेतला आणि न बोलता बशी माझ्याकडे सरकवली.